वाचकांचे प्रश्न : फोनच्या पहिल्या पानावर कोणाला जागा द्यावी?

या महिन्यात नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. हवे ते अ‍ॅप फोनमध्ये असते, पण नेमके वेळेला ते सापडत नाही. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली असून लेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी गंगापूर रोडला राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या अँड्रॉइड फोनवर चित्रांची पाच पाने झाली आहेत. मुलगी किंवा नातू काही नवीन घालून देतात आणि ते कुठल्यातरी पानावर जाऊन बसते. नको ती चित्रे काढावीत असे वाटते, पण त्यांच्याबरोबर बँकेचे पैसे किंवा फोटो तर जाणार नाहीत ना, या भीतीने हात धजावत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपली भीती रास्त आहे, म्हणून आधी तिचेच पाहू. पडद्यावर दिसणारे चित्र, म्हणजे आयकॉन, हे स्वतः अ‍ॅप नव्हे; दारावरच्या पाटीसारखी ती एक खूण आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये होम स्क्रीनवर, म्हणजे फोन उघडल्यावर दिसणाऱ्या चित्रांच्या पानांवर, बोट खालून वर सरकवले की फोनमधल्या सर्व अ‍ॅप्सची यादी उघडते आणि पाटी काढली तरी अ‍ॅप त्या यादीत जागच्या जागी राहते. आयकॉनवर बोट दाबून धरल्यावर ‘काढून टाका’ आणि ‘अनइन्स्टॉल करा’ असे दोन पर्याय दिसतील. पहिल्याने फक्त पाटी निघते, दुसऱ्याने अ‍ॅप फोनमधून जाते. आपल्याला काम आहे ते पहिल्याशी.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये अशी वेगळी यादी नसलेली मांडणीही असते. त्या मांडणीत सर्व अ‍ॅप्स होम स्क्रीनवरच राहतात आणि तेथून आयकॉन काढणे म्हणजे अ‍ॅपच काढणे ठरते. म्हणून बोट वर सरकवल्यावर यादी उघडते की नाही, हे पाहूनच पुढे जा. यादी उघडत नसेल, तर होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये तशी मांडणी निवडता येते का, ते तपासा. पैशांविषयी म्हणाल, तर ते बँकेच्या खात्यात असतात, अ‍ॅपमध्ये नव्हे. अ‍ॅप चुकून गेले तरी रक्कम जात नाही, ते पुन्हा घेऊन नोंदणी तेवढी करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत मात्र बॅकअप घेतलेला नसेल तर जुने संदेश परत मिळण्याची खात्री राहत नाही, तेव्हा ते अनइन्स्टॉल करण्याच्या वाटेला जाऊ नये.

नवी चित्रे आपोआप येऊन बसतात ती एका सेटिंगमुळे. होम स्क्रीनवरील रिकाम्या जागी बोट दाबून धरा, सेटिंग्ज उघडा आणि नवीन अ‍ॅप्स होम स्क्रीनवर जोडण्याचा जो पर्याय असेल तो बंद करा. यापुढे नातवाने घातलेले अ‍ॅप थेट यादीत जाईल. आयफोन वापरणाऱ्या वाचकांसाठी सांगतो की २०२० साली आलेल्या आयओएस १४ पासून तेथेही अ‍ॅप लायब्ररी आहे आणि नवी अ‍ॅप्स केवळ तिच्यातच ठेवण्याची सोय सेटिंग्जमध्ये मिळते.

आता मांडणीकडे वळू. अ‍ॅप्सचे प्रकार पाडून, किंवा काही जण सुचवतात तसे रंगांप्रमाणे, आयकॉन लावण्याचा सल्ला मी देणार नाही. आपल्या स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा आठवा. हळद कोणत्या वाटीत आणि मोहरी कोणत्या, हे आपण वाचून ठरवत नाही; वाट्या वर्षानुवर्षे जागच्या जागी असतात म्हणून हात आपोआप तिकडे जातो. त्या डब्यात घरातील सगळे जिन्नसही नसतात, रोजच्या फोडणीला लागणारे तेवढेच असतात. फोनचे पहिले पान तसेच असावे. तीन-चार दिवस एका वहीत दिवसभर उघडलेल्या अ‍ॅप्सची नोंद करा. रोज लागणारी अ‍ॅप्स बहुधा आठ-दहाच निघतील. तेवढीच पहिल्या पानावर ठेवा आणि उरलेल्या जागा खुशाल रिकाम्या राहू द्या. प्रत्येक पानावर तळाशी कायम दिसणाऱ्या ओळीत फोन, संदेश आणि कॅमेरा असू द्यावेत.

महिन्यातून एकदा-दोनदा लागणाऱ्या अ‍ॅप्ससाठी फोल्डर करावेत. एक आयकॉन ओढून दुसऱ्यावर सोडला की फोल्डर तयार होतो. त्याला नाव मराठीत द्या आणि ते कामावरून द्या. ‘बिले’, ‘दवाखाना’, ‘प्रवास’ ही नावे ‘युटिलिटी’ किंवा ‘टूल्स’ यांपेक्षा कितीतरी लवकर ओळखू येतात, कारण आपण फोन उघडतो तेव्हा मनात काम असते, अ‍ॅपचा प्रकार नसतो.

सगळे मनासारखे लागले की होम स्क्रीनची मांडणी लॉक करण्याचा पर्याय सुरू करा. सॅमसंग आणि शाओमी यांच्या फोनमध्ये तो आहे. त्यानंतर चुकून बोट लागून चित्रे हलणार नाहीत. एक विनंती आपल्या मुलीसाठीही आहे. माझ्या आईचा फोन मी एकदा तिच्या नकळत रात्री नीट लावून ठेवला होता. सकाळी तिला फोन लावण्याचे चित्रही सापडेना आणि ती दिवसभर बेचैन राहिली. दुसऱ्याच्या फोनची मांडणी बदलायची तर त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच हाताने बदलावी, हे मी तेव्हापासून कटाक्षाने पाळतो.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस येणार की नाही, यावर फवारणी ठरते. बागेत हात ओले किंवा औषधाचे असतात, ऊन डोळ्यांवर असते, अशा वेळी अ‍ॅप शोधत बसणे जमत नाही. हवामान आणि दोन-तीन माणसांचे फोन एका बोटावर येतील असे काही करता येईल का?

उत्तर : होय, आणि विजेट ही सोय अशाच कामासाठी आहे. विजेट म्हणजे अ‍ॅपने होम स्क्रीनवर मांडलेला माहितीचा चौकोन. अ‍ॅप न उघडता त्यातील मजकूर वाचता येतो. रिकाम्या जागी बोट दाबून ‘विजेट’ निवडा, हवामानाच्या अ‍ॅपचा चौकोन शोधून पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात ओढून आणा आणि कडा धरून मोठा करा. वरचा भाग केवळ नजरेने पाहायचा असतो, खालचा अंगठ्याने दाबायचा असतो, म्हणून वाचण्याच्या गोष्टी वर आणि दाबण्याच्या खाली ठेवाव्यात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली प्रयोगांतून दाखवून दिले की लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका हात तेथे अचूक पोहोचायला वेळ लागतो. ओल्या हाताने फोन वापरणाऱ्या माणसाला हा नियम कोणी समजावून सांगायला नको.

माणसांच्या फोनसाठी विजेटांच्याच यादीत ‘संपर्क’ या नावाखाली थेट डायल करण्याचा पर्याय पाहा. त्यात गडीमाणसाचा, औषध दुकानदाराचा आणि घरचा क्रमांक निवडला की तीन स्वतंत्र चित्रे तयार होतात आणि त्यांवर एकदा बोट टेकवले की सरळ फोन लागतो. ती एकमेकांना चिकटवून ठेवू नका. मध्ये एकेक घर मोकळे सोडा, म्हणजे घाईत भलत्यालाच फोन जाणार नाही. उन्हात दिसण्यासाठी वॉलपेपर म्हणून बागेचा किंवा देवाचा फोटो न ठेवता एकरंगी गडद पार्श्वभूमी ठेवा. फोटोवर पांढरी अक्षरे विरून जातात. देवाच्या फोटोसाठी लॉक स्क्रीनची जागा आहेच.

मात्र एक मर्यादा नीट लक्षात घ्यावी, कारण येथे पिकाचा प्रश्न आहे. अँड्रॉइडच्या नेहमीच्या व्यवस्थेत विजेटला ठरावीक वेळाने ताजी माहिती मिळते ती जास्तीत जास्त दर अर्ध्या तासाने, आणि बॅटरी बचत सुरू असेल किंवा बागेत रेंज नसेल तर त्याहूनही उशिरा. म्हणून पंपात औषध कालवण्यापूर्वी विजेटवर बोट ठेवून अ‍ॅप उघडा आणि आकडे ताजे आहेत का ते पाहा. हवामान विभागाच्या सहभागातून तयार झालेले ‘मेघदूत’ हे अ‍ॅप जिल्हानिहाय कृषी सल्ला देते. त्याची पाटी हवामानाच्या चौकोनाशेजारी असू द्या. वीज पडण्याचा इशारा देणाऱ्या ‘दामिनी’ची गोष्ट वेगळी आहे. ते होम स्क्रीनवर कोठे आहे याला फारसे महत्त्व नाही, कारण त्याचे काम इशारा पाठवणे हे आहे. तेव्हा त्याला स्थानाची आणि सूचना दाखवण्याची परवानगी दिलेली आहे ना आणि बॅटरी बचतीने त्याला झोपवलेले नाही ना, हे आजच तपासा.

प्रश्न : अंबडच्या कारखान्यात मी पाळीने काम करतो. सुटीच्या दिवशीही कामाच्या गटांचे लाल ठिपके दिसतात आणि मन तिकडेच ओढले जाते.

उत्तर : ते अ‍ॅप पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावरच्या फोल्डरमध्ये हलवा आणि सेटिंग्जमधील सूचनांच्या भागात जाऊन आयकॉनवरील ठिपके बंद करा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधील ‘डिजिटल वेलबीइंग’ या भागातल्या फोकस मोडने निवडलेली अ‍ॅप्स ठरावीक तासांपुरती थांबवता येतात. आयफोनवर फोकस लावल्यास त्या वेळेपुरते होम स्क्रीनचे कोणते पान दिसावे, हेही ठरवता येते. पाळीसाठी एक पान आणि घरासाठी दुसरे, अशी विभागणी आपल्याला उपयोगी पडेल.

प्रश्न : मी कॉलेज रोडवरील महाविद्यालयात शिकते. मैत्रिणींनी वेगळा लाँचर आणि आयकॉन पॅक (चित्रांचा तयार संच) घालून फोन फार सुंदर केले आहेत. मलाही करायचे आहे, पण घरचे म्हणतात की त्याने फोन हॅक होतो. खरे काय?

उत्तर : फोन आपल्या आवडीचा दिसावा ही इच्छा चांगलीच आहे. जी वस्तू दिवसातून असंख्य वेळा हातात येते ती नीटस असावी असे मलाही वाटते. होम स्क्रीन दाखवणारा जो प्रोग्राम, त्यालाच लाँचर म्हणतात, आणि अँड्रॉइडवर तो बदलण्याची मुभा अधिकृतपणे दिलेली आहे. केवळ लाँचर बदलल्याने फोन हॅक होत नाही. तरीही घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण लाँचरला आपण कोणते अ‍ॅप केव्हा उघडतो हे दिसते. म्हणून तो प्ले स्टोअरमधूनच घ्यावा. कोणी पाठवलेल्या लिंकवरून किंवा एपीके फाइलमधून, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून मिळणाऱ्या फाइलमधून, कधीही घेऊ नये. आयकॉन मांडणाऱ्या प्रोग्रामला आपले एसएमएस वाचण्याचे काहीच कारण नसते. तशी परवानगी मागणारा लाँचर तेथल्या तेथे काढून टाका. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी काही चांगले लाँचरही मागतात, कारण दोनदा टिचकी मारून पडदा बंद करण्यासारख्या सोयींना ती लागते, पण ती दिल्यास पडद्यावरचा मजकूर वाचता येतो, त्यामुळे ज्या फोनवर यूपीआय आहे त्यावर ती सोय सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बदल करण्यापूर्वी आताच्या सर्व पानांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. कंटाळा आला तर सेटिंग्जमधील डीफॉल्ट अ‍ॅप्सच्या भागात होम अ‍ॅप म्हणून मूळ लाँचर पुन्हा निवडला की पूर्वीची मांडणी सहसा जशीच्या तशी परत येते. आयकॉन पॅकविषयी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. सगळी चित्रे एकाच रंगाची केली की पडदा शोभतो, पण डोळा आधी रंगावरून आणि मग आकारावरून ओळखत असल्यामुळे प्रत्येक चित्र वाचावे लागते. दुसऱ्या पानावर हौस पुरवावी आणि पहिल्या पानावरील आठ-दहा चित्रांचे मूळ रंग तसेच ठेवावेत, असा मध्यममार्ग काढता येईल. आपल्या मैत्रिणींपैकी कोणाकडे आयफोन असेल तर तिला लाँचर बदलता येणार नाही. मात्र २०२४ च्या आयओएस १८ पासून आयकॉन हव्या त्या रिकाम्या जागी ठेवणे आणि त्यांना एक रंगछटा देणे तेथेही शक्य झाले आहे.

प्रश्न : नाशिकरोडला आमचे अण्णा एकटे राहतात. वय ७८, दृष्टी अधू झाली आहे. अक्षरे मोठी केली तरी चित्रे लहानच दिसतात.

उत्तर : अक्षरांचा आकार आणि डिस्प्लेचा आकार ही दोन वेगवेगळी सेटिंग्ज आहेत, आपण पहिलेच बदललेले दिसते. दुसरेही वाढवा, म्हणजे चित्रे मोठी होतील. होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये ग्रिडचे, म्हणजे चित्रांच्या चौकटीचे, उभे स्तंभ पाचाऐवजी चार किंवा तीन करण्याची सोय असेल तर तेही करा. फोन सॅमसंगचा असल्यास डिस्प्लेच्या भागात ‘इझी मोड’ आहे. आयफोन असल्यास आयओएस १७ पासून आलेला ‘असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस’ पाहा, त्यात मोजकीच अ‍ॅप्स मोठ्या चौकोनांत दिसतात. द्राक्षबागेच्या उत्तरात सांगितलेली थेट डायलची चित्रे अण्णांनाही लावून द्या आणि त्या संपर्कांना चेहऱ्याचे जवळून काढलेले, उजेडातले फोटो जोडा. मग अण्णांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या चष्म्यानिशी बसवून त्या प्रत्येक चित्रावरून एकेकदा स्वतः फोन लावू द्या. जो लागणार नाही त्याची जागा त्यांच्या अंगठ्याच्या सोयीने बदला आणि सगळे लागल्यावरच मांडणी लॉक करा.