वाचकांचे प्रश्न : लिस्बन, ब्रुसेल्स आणि आपल्या कपाटातले कागद

भारताचे युरोपशी असलेले राजनैतिक आणि आर्थिक संबंध या विषयावर या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतली चार निवडली आहेत. चौघांनीही प्रश्न विचारला आहे तो घरातला, शाळेतला किंवा धंद्यातला, पण उत्तर शोधायला लिस्बन, हेग आणि ब्रुसेल्सपर्यंत जावे लागते.

प्रश्न : १९ डिसेंबरला आम्ही शाळेत मुक्तिदिन साजरा करतो. यंदा नववीतल्या एका मुलाने विचारले, की गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने कधी मान्य केले? मी १९७४ असे सांगितले, पण मधल्या तेरा वर्षांत कायद्याच्या दृष्टीने काय स्थिती होती, हे मला सांगता आले नाही. (एक शिक्षिका, डिचोली)

बाई, तुमच्या विद्यार्थ्याने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. त्याला थोडे आधीपासून सांगावे लागेल. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९४९ मध्ये सुरू झाले. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने गोवा, दमण, दीव या प्रदेशांबाबत वाटाघाटींचा प्रस्ताव ठेवला, त्यावर पोर्तुगालचे उत्तर असे, की या वसाहती नाहीतच, ते पोर्तुगीज राष्ट्राचे अंग आहे, तेव्हा बोलण्याजोगे काही उरत नाही. हाच हेका पुढची चोवीस वर्षे टिकला. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली आणि १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर संबंध पूर्णपणे तुटले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दादरा आणि नगर हवेली हातून गेल्यावर दमणहून तिकडे जाण्यासाठी भारतीय हद्दीतून वाट मिळावी, अशी ती मागणी होती. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड यांनी मांडली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता वाटेचा हक्क १९५४ साली पोर्तुगालला होता, परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी तो नव्हता, आणि भारताने वाट अडवली त्यात आपल्या बंधनाचा भंग केलेला नाही. मुलांना हा निकाल अवश्य सांगा. गोव्याचा प्रश्न केवळ रणगाड्यांनी सुटला असे समजणाऱ्यांना ठाऊक नसते, की त्याआधी भारताने न्यायालयात उभे राहून उत्तर दिले होते.

१८ डिसेंबर १९६१ रोजी, गोव्यात लष्कर पुढे सरकत असतानाच, सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा आणि भारतीय सैन्याच्या माघारीचा ठराव आला. तो मांडणाऱ्यांत अमेरिका आणि तुर्कस्तानबरोबर ब्रिटन आणि फ्रान्स होते. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो पडला. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. भारतीय राज्यघटनेच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपला, कारण बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव २० डिसेंबर १९६१ पासून भारताचा भाग ठरले. पोर्तुगालच्या लेखी मात्र हुकूमशहा सालाझारच्या आणि त्याच्यानंतर कायतानोच्या राजवटीतही तो ‘व्यापलेला प्रांत’च राहिला. दोन देशांची दोन पुस्तके आणि त्यांत दोन वेगळ्या नोंदी, अशी ती तेरा वर्षे होती.

२५ एप्रिल १९७४ च्या लिस्बनमधल्या क्रांतीने ती राजवट गेली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सुआरिश यांनी सही केली, तर भारतातर्फे यशवंतराव चव्हाण यांनी. गोवा मुक्त झाला तेव्हा शेजारच्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेल्या माणसाची सही त्या कागदावर असावी, याचे मला फार अप्रूप वाटते. पण कराराचे खरे वजन एका कलमात आहे. हे प्रदेश १९७४ पासून भारताचे झाले असे त्यात म्हटलेले नाही. राज्यघटनेनुसार ते ज्या तारखेला भारतात आले त्या तारखेपासून भारताचे सार्वभौमत्व मान्य, असे म्हटले आहे. म्हणजे मधल्या तेरा वर्षांची नोंद पोर्तुगालने स्वतःच्या हाताने दुरुस्त केली. ३ जून १९७५ रोजी हा करार अमलात आला. नववीच्या त्या मुलाला हे सांगा, की मान्यता उशिरा मिळाली खरी, पण मिळाली ती मागील तारखेपासून.

प्रश्न : १९६० च्या सुमारास माझ्या आजीने घराच्या कामासाठी पाटल्या आणि पुतळ्यांची माळ पणजीच्या पोर्तुगीज बँकेत गहाण ठेवली होती. मुक्तीनंतर ‘सोने लिस्बनला गेले’ एवढेच ती सांगत असे. पावती अजून आमच्याकडे आहे. त्या सोन्याचे काय झाले? (एक वाचक, पेडणे)

आजी सांगत होत्या ते खरे आहे. लष्कर गोव्यात शिरण्यापूर्वी गोमंतकीयांचे गहाण सोने बँकेने जहाजाने लिस्बनला हलवले. ज्यांनी कर्ज फेडायची तयारी ठेवली होती त्यांचाही दागिना हातचा गेला, कारण फेडायचे कोणाकडे, हाच प्रश्न होता. १९७४ च्या करारात नागरिकांच्या मालमत्तेचे दावे दोन्ही देशांनी वाटाघाटीने सोडवावेत, असे कलम घातले गेले, तरी सोने परत यायला १९९१ साल उजाडले. तोवर गहाण ठेवणाऱ्या कित्येक बायका हयात नव्हत्या.

अशी एक पावती मी हातात घेऊन पाहिली आहे. पिवळा पडलेला जाड कागद, जांभळ्या शाईतला शिक्का, वजन ग्रॅममध्ये, आणि घरात ज्या बाईला सगळे एका नावाने हाक मारत तिचे नाव पोर्तुगीज वळणाने असे लिहिलेले, की नातवंडांना ते चटकन ओळखू येऊ नये. तुमच्या घरी १९९१ नंतर कोणी दागिने सोडवून आणले होते का, याची थोरल्या मंडळींकडे चौकशी करा. पावती मात्र कोणत्याही परिस्थितीत टाकून देऊ नका. परराष्ट्र खात्यांमध्ये तीस वर्षे चाललेला व्यवहार तुमच्या ट्रंकेत पडून आहे.

प्रश्न : माझे वडील १९४८ साली बार्देशात जन्मले. मुलगा म्हणतो, त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवून आपण पोर्तुगीज पासपोर्ट काढू, म्हणजे इंग्लंडला जाता येईल. यात भारतीय नागरिकत्व जाते का? (एक वाचक, म्हापसा)

या विषयावरची पत्रे दर महिन्याला येतात आणि बहुतेकांत एकच गैरसमज असतो, तो म्हणजे दोन्ही नागरिकत्वे एकत्र ठेवता येतात. भारताच्या कायद्यात तशी सोय नाही. १९६२ च्या आदेशाने, १९६१ च्या २० डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेली माणसे भारताची नागरिक झाली. ज्यांना पूर्वीचे नागरिकत्व ठेवायचे होते त्यांना तसे लिहून देण्यासाठी एक महिना होता. पोर्तुगालचा कायदा मात्र मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना जन्माने पोर्तुगीज धरतो आणि त्यांच्या मुला-नातवंडांनाही दार उघडे ठेवतो. जुन्या काळातल्या त्या दोन नोंदवह्यांची ही आजपर्यंत उरलेली सावली आहे. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे, जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. पोर्तुगीज ओळखपत्र किंवा पासपोर्ट हाती घेतला, की त्यात शंकेला जागा राहत नाही. केवळ जन्म नोंदवला तर काय, यावर मात्र वर्षानुवर्षे वाद चालत आले आहेत, म्हणून ‘नुसती नोंदणी करून ठेवू, पुढचे पुढे पाहू’ हा सल्ला कोणी दिला तर सावध राहा.

नागरिकत्व गेले म्हणजे मतदान गेले, निवडणुकीला उभे राहणे गेले, सरकारी नोकरी गेली. परदेशस्थ भारतीय नागरिक, ज्याला आपण ओसीआय म्हणतो, ते कार्ड मिळाले तर ये-जा आणि राहणे सुलभ होते, परंतु शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट वेळेवर जमा न केल्यामुळे ज्यांचे पासपोर्ट रद्द झाले त्यांचा ओसीआयचा मार्ग अडला होता. २०२४ मध्ये केंद्राने रद्द केल्याचे प्रमाणपत्रही ग्राह्य धरायचे ठरवले, तेव्हा तो काहीसा मोकळा झाला.

आता इंग्लंडविषयी. स्विंडनला आपले इतके लोक आहेत, की मुलाच्या डोक्यात ते येणे साहजिक आहे. पण ते तिथे पोचले ते पोर्तुगाल आणि ब्रिटन एकाच युरोपीय संघात होते म्हणून. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडले, आणि आधीपासून तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांनी स्थायिक होण्यासाठी अर्ज करण्याची मुख्य मुदत ३० जून २०२१ रोजी संपली. आज नव्याने काढलेला पोर्तुगीज पासपोर्ट पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी येथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क देतो, इंग्लंडला राहून नोकरी करण्याचा देत नाही. मुलाने हे ऐकल्यावर त्याचा बेत कदाचित बदलेल.

तरीही जायचेच ठरले, तर आधी वडिलांचे सगळे कागद एका टेबलावर मांडा. पोर्तुगीज दप्तरात कामत ‘कामोतिम’ होतात, प्रभू ‘पोरोबो’ होतात, शेणवी ‘सिनाय’ होतात, आणि जन्मदाखल्यातले नाव, विवाहाच्या नोंदीतले नाव व आधार कार्डावरचे नाव जुळत नसले, तर वर्ष-वर्ष फाइल अडकते. पोर्तुगालचा कायदाही वरचेवर बदलतो. दलालाला आगाऊ पैसे देण्यापूर्वी दोन्ही देशांचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा.

प्रश्न : माझा काजूचा लहान कारखाना आहे. पोर्तुगाल आणि गोवा यांचा इतका जुना संबंध असताना पोर्तुगाल आमच्या मालाला खास जकात-सवलत का देत नाही? (एक वाचक, फोंडा)

कारण तो अधिकार पोर्तुगालकडे राहिलेलाच नाही. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघात, गेला आणि तेव्हापासून त्याची जकात ब्रुसेल्समध्ये ठरते. सर्व सदस्यांची बाहेरच्या मालावरची जकात एकच असते, आणि व्यापार करार संघ म्हणून होतात. कर आणि सामाजिक सुरक्षा अशा विषयांवर पोर्तुगालने भारताशी स्वतंत्र करार केले आहेत, पण काजूच्या पाकिटावर किती जकात लावायची, हे लिस्बन ठरवू शकत नाही.

युरोपीय आर्थिक समुदायाशी भारताचे राजनैतिक संबंध १९६२ पासून आहेत, म्हणजे सुरक्षा परिषदेत फ्रान्सने आपल्याविरुद्ध ठराव आणल्याच्या पुढच्याच वर्षापासून. पहिली भारत–युरोपीय संघ शिखर बैठक जून २००० मध्ये झाली, आणि ती झाली लिस्बनला. मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ ला सुरू झाल्या, २०१३ ला थांबल्या, जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत त्या पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्या वेळी युरोपीय परिषदेचे अध्यक्ष होते आंतोनियु कोश्ता, ज्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे आणि ज्यांना घरात ‘बाबूश’ म्हणत. ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे, पण त्यापायी तुमच्या मालाला वेगळी वागणूक मिळेल अशी आशा धरू नका. वाटाघाटी पूर्ण होणे आणि करार अमलात येणे यांत अंतर असते. मधे युरोपीय संसदेची संमती लागते.

तोवर तुमच्यासमोरची स्पर्धा व्हिएतनामची आहे, ज्याचा युरोपीय संघाशी करार १ ऑगस्ट २०२० पासून चालू आहे. आणि जकातीहून अधिक काळजी करावी ती प्रयोगशाळेच्या अहवालाची. थेट खाण्याच्या काजूगरात अफ्लाटॉक्सिन किलोमागे एकूण ४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आढळले, तर माल बंदरातच अडतो. हे बुरशीचे विष आहे, आणि आपल्याकडे पावसाळा लवकर आला की पुरत्या न वाळलेल्या बिया पोत्यांत भरल्या जातात, तिथेच त्याची सुरुवात होते. बिया वाळवण्याची जागा आणि गोदामातला ओलावा यांवर आधी खर्च करा. कराराचा मजकूर हाती आल्यावर प्रास्ताविक वाचत बसू नका, थेट जकातीच्या परिशिष्टात ०८०१३२ हा क्रमांक शोधा. सोललेल्या काजूगराची ओळ ती आहे.