कठड्यापासून की जमिनीपासून?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू बोलत होतीस तेव्हा मी मधे तोंड घातलं नाही. तुझा आवाज भरून आला होता आणि मी चिडलो असतो. म्हणून हे पत्र.

तुझ्या चाळीस विहिरींच्या पाण्यावरच्या पेपराला जर्नलकडून मेजर रिव्हिजन आलंय, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठव. पेपर तपासणाऱ्या दोघा रिव्ह्यूअरांच्या मिळून ३१ कॉमेंट. पहिल्याला पेपर आवडला, दुसरा मात्र उंटावरून शेळ्या हाकतोय, असं तुझं म्हणणं. त्याला परस (विहिरीची खोली सांगायचं आपल्याकडचं माप) म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याने जन्मात माजलगाव-धारूरकडची विहीर पाहिली नसेल. नसेलच पाहिली! म्हणून तर तो तुझ्या कामाचा आहे. मला विचारशील तर मी निकामी आहे, कारण तू न लिहिलेलंही मला आपोआप कळतं.

तुझा तक्ता पुन्हा काढून पाहिला. विहीर क्रमांक १४, खोली ९ मीटर. ही खोली तू मोजलीसच नाहीस. मालक म्हणाला, "पाच परस हाय," आणि तू परसाला १.८ मीटर धरून गुणून टाकलंस. आता सांग, परस कुणाचा? मी फिरलो त्या गावांत कुणी उभ्या माणसाएवढा परस धरायचं, कुणी हात वर केलेल्या माणसाएवढा. शिवाय खणणाऱ्याची मजुरी परसावर ठरत असेल, तर खणणाऱ्याचा परस आणि मालकाचा परस एक निघेल अशी आशा तरी कशाला करायची? हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पेपरात आहे का? नाही. कागदावर नाही, ते नाही.

आणि त्या दुसऱ्या रिव्ह्यूअरची सतरावी कॉमेंट, जिच्यावर तू सगळ्यात जास्त भडकलीस: पाण्याची पातळी कठड्यापासून मोजली की जमिनीपासून? अगं, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. लाज वाटली मला. दोन मे महिन्यांत पाणी ६० सेंटिमीटर खाली गेलं, हा तुझा सगळा निष्कर्ष. पहिल्या वर्षी तू मोजलंस, दुसऱ्या वर्षी तुझी परीक्षा होती म्हणून भावाने. भावाने टेप कठड्यावर टेकवली असेल आणि तू जमिनीला, तर कठडाच अडीच फुटांचा असतो! तुझा अख्खा शोध त्या कठड्यात बसतो. वर तू शेजारी केंद्रीय भूजल मंडळाचे आकडे ठेवलेस, ते जमिनीपासून खाली मोजलेले असतात. "भावाने बरोबरच मोजलंय सर," म्हणालीस. असेल. भाऊ कागदावर नाही.

ही यंत्रणा कशी चालते ते तुमच्या पिढीला कुणी नीट सांगत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. पेपर आधी संपादक वाचतो, विषयाबाहेरचा किंवा कच्चा असेल तर तिथूनच परत. पुढे तो रिव्ह्यूअर शोधतो, आणि बरेच जण नाही म्हणतात. जे हो म्हणतात ते बहुधा फुकट, आपलं काम आटोपून रात्री वाचत बसतात. ते फक्त शिफारस करतात, निर्णय संपादकाचा. तुला न दिसणारे दोन शब्दही ते संपादकाला लिहू शकतात. मेजर रिव्हिजन म्हणजे नकार नव्हे. नकार द्यायचा असता तर एका ओळीत दिला असता, ३१ मुद्दे लिहायला त्या दोघांना काय हौस होती? दुरुस्त पेपर पुन्हा बहुतेक त्याच दोघांकडे जाईल. तेव्हा प्रत्येक कॉमेंट जशीच्या तशी उतरव, खाली उत्तर, कुठल्या पानावर कुठल्या ओळीत काय बदललं ते. पटत नसेल तिथे पटत नाही म्हण, पण पुराव्यासकट. त्याला समजलं नसेल तर "आपण नीट वाचलं नाही" असं लिहू नकोस. ते वाक्य बदल.

डोक्यात राख घालून घेणारी तू पहिली नाहीस. १९३६ साली आइन्स्टाइनने गुरुत्वीय लहरींवरचा पेपर 'फिजिकल रिव्ह्यू'ला पाठवला. संपादकाने तो दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवला म्हणून हा इतका चिडला की पेपरच मागे घेतला. पुढे तो दुसऱ्या नियतकालिकात छापून आला तेव्हा निष्कर्ष उलटा झाला होता, कारण तज्ज्ञाने दाखवलेली चूक खरी होती. आइन्स्टाइनला परवडलं. मला नाही परवडलं.

किल्लारीच्या भूकंपानंतर मी औसा-उमरग्याच्या बाजूला विहिरी मोजत फिरलो. पेपर टाइप करून, तीन प्रती रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. सात महिन्यांनी उत्तर आलं. रिव्ह्यूअरचा एकच मोठा प्रश्न होता: भूकंपाआधीची पातळी तुम्हाला कशी कळली? आता ऐक. १९९३च्या उन्हाळ्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन त्याच भागात गेलो होतो आणि ११ विहिरींचे आकडे माझ्या वहीत होते, टेपला खडू लावून, ओली खूण वाचून घेतलेले. ते अकरा आकडे तक्त्यात घालायचे, एवढंच काम. मी काय केलं? संपादकाला दोन पानी पत्र लिहिलं की एसीत बसून मराठवाडा कळत नाही. पेपर गेला. नंतर कुठल्याशा परिसंवादाच्या जाडजूड पुस्तकात पैसे भरून छापला. आजवर एकाही माणसाने त्याचा उल्लेख केलेला नाही. वहीला पुढे वाळवी लागली. मोजमाप खरं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. त्या रिव्ह्यूअरनेही थोडं सबुरीने, "आधीचे आकडे असतील तर जोडा" असं लिहिलं असतं, तर कदाचित... जाऊ दे. तीस वर्षं हेच घोकतोय.

आता तुझ्या त्या ग्रुपवरची जाहिरात. सात दिवसांत पेपर छापून, सर्टिफिकेटसह. २०१३ साली एका पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुकांनी भरलेला खोटा पेपर ३०४ जर्नलांना पाठवला, १५७ जणांनी स्वीकारला. तिथे तुला कठड्याबद्दल कुणी विचारणार नाही, छान वाटेल. पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीने २०२२च्या नियमांत काढली, तेव्हा घाईचं ते कारणही मला सांगू नकोस. मुलाखतीत पेपर मोजतात, हे मला माहीत आहे. मोजू देत.

उत्तराला साठ दिवस आहेत. एवढ्यात मे पुन्हा येणार नाही, पण कठडे कुठे जात नाहीत. चाळीसही विहिरींच्या कठड्यांची उंची आणि खोली टेपने मोजून घे, परस सोड. भावाला बरोबर ने, त्याने टेप कुठे टेकवली होती ते प्रत्येक विहिरीवर उभा करून विचार. ज्या विहिरीवर त्याला आठवणार नाही ती तक्त्यातून काढ, आणि काढली असंही लिही. धारूरकडच्या विहिरींना मी येतो, गुडघा एसटीच्या पायऱ्या अजून चढतोय. रविवारी सकाळी स्टँडवर ये. टेप लोखंडी आण, कापडी ताणली जाते. खडू माझ्याकडे आहे.

तुझा,
सर