वर्गणीत मी नव्हतो आणि त्याच महिन्यात लॉटरी लागली

मी समुपदेशक आहे. एकच दुखणं घेऊन माझ्याकडं बरेच जण येतात. कुणी भिशी सोडलेली असते, कुणी मित्रांबरोबर प्लॉट घ्यायला नको म्हटलेलं असतं आणि आता त्या प्लॉटचा भाव ऐकवत नाही, कुणाचे शेअर घ्यायचे राहिलेले असतात. शेवटी सगळे येतात एकाच वाक्यावर, "मॅडम, तेवढं एकदा हो म्हटलं असतं तर." त्यातली एक केस लिहिते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि त्यांना विचारूनच लिहितेय.

हे गृहस्थ बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर. शॉपमधले दहा जण दर महिन्याला शंभर-शंभर रुपये काढून लॉटरीची तिकिटं घ्यायचे. कर्नाटकात २००७ पासून लॉटरी बंद आहे, पण बेळगावच्या माणसाला शिनोळी काय लांब, तिथं हद्द ओलांडली की महाराष्ट्र, आणि महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. चंदगड तालुक्यातून रोज कामाला येणारा एक जण तिकडंच तिकिटं घेऊन ठेवायचा. मुलीची डिप्लोमाची फी आली म्हणून यांनी सांगितलं, दोन-तीन महिने मला धरू नका. आणि नेमकं त्यातच बाकी नऊ जणांना पन्नास लाखांचं बक्षीस लागलं.

बायको घेऊन आली तेव्हा झोप उडालेली, घरात चिडचिड, कारखान्यात डबा एकट्यानं मशीनपाशी खायला लागलेले. आणि दर रविवारी गाडी काढून शिनोळीला जाऊन एकट्याच्या पैशानं तिकिटं आणायचे, फीसाठी ठेवलेल्या पैशातनं.

"पन्नास लाख गेले मॅडम."

मी कागद पुढं केला, म्हटलं मांडू या. लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के कर, त्या करावर ४ टक्के सेस, म्हणजे १५ लाख ६० हजार गेले. राहिले ३४ लाख ४० हजार, त्याचे दहा भाग. "तुमचे गेले ते तीन लाख चव्वेचाळीस हजार. तेही दहाव्या माणसाचे शंभर रुपये आले असते तरी हेच तिकीट घेतलं असतं असं धरून."

"साडेतीन लाखबी काय थोडे हाईत काय?"

थोडे नाहीतच. हिशोब मांडला तो आकडा खरा समोर यावा म्हणून, लहान वाटावा म्हणून नाही. ज्याच्या घरात फीसाठी ओढाताण चाललीय त्याला 'जाऊ दे की एवढं काय' म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

मग विचारलं, "नको म्हणालात त्या दिवशी निकाल माहीत होता?"

"नाही की."

"उद्या परत तीच वेळ आली, फी भरायचीय, निकाल माहीत नाही, काय कराल?"

"फीच भरणार. दुसरं काय करणार."

म्हणजे निर्णय चुकलेला नव्हता, त्यांनाही पटलं. बहुतेक सल्ले इथंच संपतात, नशिबात नव्हतं, झालं गेलं विसरा. पण पटूनही झोप येईना. मी इथं थांबले नाही आणि थांबले नाही याचं मला आजही बरं वाटतं. कारण एक गोष्ट माझ्या कानाला खटकत होती. ते पैशाबद्दल फार कमी बोलायचे. बोलायचे ते कुणी बुलेट बुक केली, कोण आपल्याला बघून आवाज कमी करतो, नऊ जणांनी वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप कसा काढला, आणि गाडी करून सगळे जोतिबाला कसे जाऊन आले. जोतिबाचं सांगताना आवाज बदलायचा.

म्हणून विचारलं, "समजा लॉटरी लागलीच नाही. पण हे नऊ जण तुम्हाला न सांगता जोतिबाला जाऊन आले, तर?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मी पण बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडलं की काम बिघडतं, हे मी नव्यानं शिकणाऱ्यांना नेहमी सांगते.

"तरीबी असंच झालं असतं," ते म्हणाले. "अकरा वर्षं एका टेबलावर जेवायलोय मॅडम. पैसे राहू देत. मला नुसतं चल म्हणायला पायजे होतं."

इथून पुढं लॉटरी मागं पडली. आपल्या माणसांनी वगळलं हे खरं दुखणं होतं, आणि पैशाचा हिशोब कितीही केला तरी ते हलणार नव्हतं.

पुढच्या वेळी ते मोबाईलमध्ये एक बातमी घेऊन आले, चिडूनच. २०२३ ची, केरळातल्या परप्पनंगडीची. हरित कर्म सेनेत घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या अकरा बायकांनी मिळून २५० रुपयांचं मान्सून बंपरचं तिकीट घेतलं आणि १० कोटी लागले. त्यातल्या दोघींकडं पंचवीस रुपयेसुद्धा नव्हते, त्यांनी साडेबारा-साडेबारा घालून एक वाटा घेतला होता. "बघा. त्यांनी अर्ध्या वाट्याला धरलं. आमच्या लोकांना मला अर्धा धरायला काय झालं होतं?"

"तुम्ही म्हणाला होता, अर्धा धरा म्हणून?"

"...नाही. धरू नका म्हणालो."

मित्रांनी यांचाच शब्द पाळला होता. तो वर्गणीपुरता होता आणि मित्रांनी तो सगळ्यालाच लावला, एवढंच झालं होतं.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचाराची आहे, लपवत नाही. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट माणसाला जास्त छळतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मला त्यात शंका उरलेली नाही. 'बोलावलं असतं तर बरं वाटलं असतं' यानं वाईट वाटतं, पण माणूस झोपतो. 'मला सोडून ते जाऊच कसे शकतात' यानं रात्रभर जाग राहते. हे त्यांना समजलं, आणि मग मी एकच काम दिलं. नऊ जणांशी नाही, एकाशी बोलायचं, वाट्याचा विषय काढायचा नाही, जोतिबाचं जे वाटलं तेवढंच सांगायचं.

ते चंदगडवाल्याशी बोलले. तो म्हणाला, तुझ्यासमोर पैशाचं काय बोलायचं, तुला लागंल म्हणून आम्ही गप बसायलो. हे डबा घेऊन बाजूला बसायचे तेव्हा तिकडं नऊ जणांना वाटत होतं, हा आपल्यावर रागावलाय.

तुमचंही असं काही झालं असेल तर आधी हे बघा, दुखतंय ते पैशाचं की माणसांचं. पैशाचं असेल तर कर कापून, भाग करून खरा आकडा मांडा, मनातला आकडा नेहमी फुगलेला असतो. माणसांचं असेल तर एकाशी बोला. रागात वाटा मागायला जाऊ नका, त्यानं वाटाही मिळत नाही आणि माणूसही जातो. आणि भरपाई म्हणून एकट्यानं तिकिटं घेणं आजच बंद करा. नेदरलँड्समध्ये एक लॉटरी पोस्टकोडवर, म्हणजे आपल्या पिनकोडसारख्या नंबरावर निघते, शेजाऱ्याला लागली की तिकीट न घेतलेल्यालाही कळतं की आपल्यालाही लागली असती. झेलेनबर्ग आणि पीटर्स या दोन संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की लोक ती खेळतात त्यामागं या हळहळीच्या धास्तीचाही हात असतो. शिनोळीच्या रविवारच्या फेऱ्या त्यातल्याच होत्या.

ज्यांना लागलीय त्यांनाही सांगते, राहिलेल्या माणसाला बातमी तुम्हीच द्या, आणि देवाला जाताना त्याला गाडीत घ्या. वर्गणी काढत असाल तर त्या महिन्यात कोण आहे, कोण नाही हे वहीत लिहा, तिकिटाचा फोटो सगळ्यांना पाठवा, त्यात राहिलेल्यालाही आधी एकदा विचारा, अर्ध्या वाट्यानं येतोस काय. आणि दोन आठवड्यांच्या वर झोप-जेवण बिघडलेलं असेल, दारू वाढली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं असेल तर मन घट्ट कर म्हणणाऱ्यांचं ऐकत बसू नका, सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि भाषा निवडता येते.