अ‍ॅस्पिरेशन विंडोबाहेर (बुद्धिबळ इंजिनने अपेक्षित मूल्याभोवती ठेवलेल्या अरुंद खिडकीबाहेर) स्थितीचे मूल्य गेल्यास थेट पूर्ण खिडकीने फेरशोध घ्यावा का?

नाही, अल्फा (खिडकीची खालची सीमा) आणि बीटा (वरची सीमा) दोन्ही एकदम अनंतापर्यंत उघडण्याऐवजी, मूल्य ज्या बाजूने बाहेर गेले त्या बाजूची सीमा टप्प्याटप्प्याने, दर वेळी अंतर वाढवत, सरकवावी. अल्फा-बीटा शोधात खिडकी जितकी अरुंद तितकी छाटणी (निकालावर परिणाम न करणाऱ्या चाली न तपासता सोडणे) अधिक होते, आणि फसलेल्या शोधातील नोंदी ट्रान्सपोझिशन टेबलमध्ये (आधी तपासलेल्या स्थितींच्या साठ्यात) शिल्लक राहत असल्याने फेरशोध वाटतो तितका महाग पडत नाही. स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनच्या खुल्या सोर्स कोडमध्येही सीमा अशाच क्रमाने रुंदावत नेलेली दिसते. आधीच्या खोलीवर (एक पायरी कमी पुढे पाहिलेल्या शोधात) मिळालेल्या मूल्याभोवती पाव ते अर्ध्या प्याद्याची खिडकी सुरुवातीला ठेवून पाहावी. मात्र पहिल्या काही प्लायपर्यंत (प्लाय म्हणजे एका खेळाडूची एक चाल) मूल्य फार हेलकावे खात असल्याने तेथे पूर्ण खिडकीच सोयीची ठरते.