ऑक्सिडेटिव्ह ताणावरील (पेशींत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढून होणाऱ्या इजेवरील) एमएस्सी प्रकल्पासाठी ठाण्याच्या महाविद्यालयात उंदरांऐवजी सूत्रकृमी चालतील का?

होय, चालतील; मात्र प्रयोगशाळेत २० अंश सेल्सिअसला स्थिर राहणारा इन्क्युबेटर हवा, कारण ठाण्याच्या एप्रिल-मेमधील उकाड्यात 'सीनोरॅब्डायटिस एलिगन्स' हा प्रयोगांत वापरला जाणारा सूत्रकृमी नीट वाढत नाही आणि उष्णतेचा ताण मोजमापात मिसळतो. सुमारे १ मिलिमीटर लांबीचा हा कृमी पारदर्शक असतो, ई. कोलाय जिवाणूंवर वाढतो, साधारण ३ दिवसांत प्रौढ होतो आणि २ ते ३ आठवडे जगतो, त्यामुळे पॅराक्वाट (पेशींत असे अतिक्रियाशील रेणू वाढवणारे तणनाशक) देऊन किती कृमी तग धरतात हे पाहण्याची चाचणी एका सत्रात सहज बसते. (पॅराक्वाट माणसालाही घातक आहे; हातमोजे विसरू नयेत.) सुपरऑक्साइड या अशाच एका अतिक्रियाशील रेणूचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करणाऱ्या एन्झाइमांची ५ जनुके या कृमीत आहेत. त्यांपैकी मायटोकॉन्ड्रियाशी (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागाशी) संबंधित सॉड-२ हे जनुक काढून टाकल्यास कृमी पॅराक्वाटला अधिक बळी पडतो, पण त्याचे आयुष्य घटण्याऐवजी वाढते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. ऑक्सिडंट (म्हणजे हे अतिक्रियाशील रेणू) वाढले की वार्धक्य लवकर येते हे सोपे समीकरण त्यामुळे डळमळले, आणि माझ्या मते प्रकल्पासाठी हाच धागा सर्वांत कसदार आहे. केवळ डीसीएफ या ऑक्सिडंट ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रंगद्रव्याच्या हिरव्या चकाकीवरून मात्र निष्कर्ष काढू नये: त्याची अभिक्रिया कोणत्याही एकाच रेणूपुरती मर्यादित नसते, शिवाय कृमीच्या आतड्यातील कण मुळातच चमकतात, म्हणून रंगद्रव्य न दिलेले कृमी प्रत्येक वेळी सोबत तपासावेत.