विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं दार ठोठावण्याआधी

मराठी बोलणं ओळखणारं उत्पादन करायचं असेल, तर सुरुवात शून्यातून करू नका. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या संशोधन गटाने भारतीय भाषांची मॉडेलं आणि विदा (डेटा) खुली ठेवली आहे. परवाना वाचा आणि ती तुमच्या आवाजांवर चालवून बघा.

इथेच बहुतेक जण अडखळतात. साध्या फोन कॉलचा आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांचा, म्हणजे सेकंदाला इतक्या वेळा मोजलेला, तर बहुतेक मॉडेलं १६,००० वर शिकलेली. नमुन्यांचा दर नुसता वाढवला तरी फोनवर गाळली गेलेली उंच कंप्रता (आवाजातले तीक्ष्ण ध्वनी) परत येत नाही, म्हणून चुका वाढतात. ग्राहकांची परवानगी घेऊन दोनेकशे खरे कॉल हातानं उतरवून काढा, शंभर शब्दांमागे किती चुकतात ते मोजा. हा आकडा घेऊनच प्राध्यापकांना भेटा. ‘आम्हाला एआय करून द्या’ एवढ्यावर कुणी वेळ देत नाही, आणि ते रास्तच आहे.

काम विद्यार्थ्याच्या एम.टेक.च्या प्रबंधातून करून घेतलं, तर तो साधारण वर्षभर चालतो. तीन महिन्यांत काम हवं असेल तर सल्लागार करार करा. बौद्धिक संपदा कुणाची, हे त्यात आधीच लिहून घ्या. शोधनिबंध आधी छापला तर पेटंट बहुधा हातचं जातं. आधी अर्ज, मग निबंध.