बालगृहांतल्या मुलांच्या ख्रिस्ती शिबिरात स्वयंसेवक म्हणून जायचंय. आधी काय माहीत असावं?

जरूर जा, पण नुसती गाणी-खेळ घेता येतात एवढ्यावर नको. आयोजक कसलीही चौकशी न करता ओळखीवर स्वयंसेवक घेत असतील, तर ते शिबिर सोडा. मुलांच्या सुरक्षेची लेखी नियमावली मागा. बंद खोलीत मुलासोबत एकटं थांबायचं नाही, फोटो टाकायचे नाहीत, हे तर आलंच.

खरा कस रात्री लागतो. दिवसभर हसणारं मूल दिवे मालवल्यावर चिडतं, रडतं. कुणी उशीखाली खाऊ लपवतं. ओरडू नका, पुढच्या जेवणाचा भरवसा नसलेल्या मुलाची ती सवय असू शकते. घरच्यांबद्दल स्वतःहून विचारू नका. मुलाने मारहाणीचं किंवा अत्याचाराचं काही सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, त्याच्याच शब्दांत लिहून लगेच शिबिरातल्या बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीला कळवा.

प्रार्थनेचं म्हणाल तर, ‘देव आपला पिता आहे’ हे बापाचा मार खाल्लेल्या मुलाला वेगळंच ऐकू येतं. जपून बोला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, कलम १४ मध्ये, मुलांचं धर्मस्वातंत्र्य मान्य केलंय. ज्याला बसायचं नाही त्याला चित्रं काढू द्या. बक्षिसाचं आमिष तर मुळीच नको (हे सर्रास चालतं, म्हणून मुद्दाम सांगतोय).

आणि पुन्हा जाणं पक्कं नसेल तर निघताना ‘लवकरच भेटू’ म्हणू नका.